मुळांचा रकाना

आमच्या मॅडमच्या पर्समध्ये एक काटा असायचा. जेवणाचा, चार दातांचा, स्टीलचा. त्याच्यासोबत पाण्याची छोटी बाटली आणि सहा इंची स्केल. कंगवा नाही, आरसा नाही, घराची किल्लीसुद्धा कधी असायची कधी नसायची. पण काटा विसरल्या असं एकदाही झालं नाही. रस्त्यानं जाताना कुठं कोवळं रोप दिसलं की मॅडम थांबायच्या. खाली बसायच्या. काट्यानं भोवतालची माती सैल करायच्या, रोप अलगद वर काढायच्या, बाटलीतल्या पाण्यानं मुळं धुवायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या, स्केल लावायच्या, आणि मग रोप होतं तसं परत लावून, वरून पाणी घालून, साडी झटकून चालू लागायच्या. सोबतचा माणूस तोवर लाजेनं अर्धा झालेला असायचा. तो सोबतचा माणूस बहुतेक वेळा मीच.

एका लग्नातलं सांगते. मोठं लॉन, स्टेजपाशी झेंडूच्या कुंड्यांची रांग. लोक नवरा-नवरीसोबत फोटो काढायला उभे, आणि आमच्या मॅडम कुंडीपुढे उकिडव्या. नवरदेवाचे काका धावत आले.

"काय करून राहिल्या जी बाई?"

"पाहून राहिली."

"काय पाहून राहिल्या?"

"याले मूळच नाही. फांदी तोडून खोचली आहे नुसती. उद्या दुपारपर्यंत मान टाकते."

काकांनी दुसरी कुंडी उपसली. तिसरी उपसली. मग बाह्या सरसावून ते डेकोरेशनवाल्याला शोधायला निघाले. आमचं जेवण आटपेपर्यंत तिकडे चांगलीच जुंपली होती, आणि मॅडम शांतपणे गुलाबजाम खात होत्या. "तुम्हाला काय पडलं होतं?" मी चिडून विचारलं. त्यांना माझा प्रश्नच कळला नाही.

एम.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली प्रोजेक्टवर होते. नागपूरच्या एका कॉलेजचा बॉटनी विभाग, मागच्या बाजूची लांबट लॅब, पत्र्याचं छत. मे महिन्यात त्या लॅबमध्ये बसणं म्हणजे तंदूरमध्ये बसणं. एक कूलर होता, त्याचं तोंड रोपांच्या ट्रेकडे. आम्ही मुलींनी हळूच आमच्याकडे वळवला की मॅडम येऊन परत ट्रेकडे वळवायच्या. "तुमाले घरी जाऊन पंखा आहे," म्हणायच्या. "त्याईले घर नाही."

लोक त्यांना वेडी म्हणत. मीही म्हटलं आहे. पाठीमागे तर म्हटलंच, पण एकदा तोंडावर म्हटलं, आणि तेही मोठ्यानं. आता मॅडम नाहीत, म्हणून ती गोष्ट सांगून टाकते.

आमचं काम अळिवावर होतं. तेच अळीव, ज्याचे बाळंतिणीला लाडू देतात. अळीव पाण्यात टाकलं की दाण्याभोवती बुळबुळीत वेष्टन फुगतं, हे प्रत्येक घरात माहीत असतं. त्या बुळबुळीत एक साखर असते. पाण्यात उतरलेली ती साखर शेजारच्या दुसऱ्या एखाद्या बीला मिळाली, तर ते रोप ताडमाड वाढतं. मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "शोध आपला नाही वं. तो केव्हाचा लागून गेला दुसरीकडं. आपण फक्त आपल्या अळिवावर अन् आपल्या उन्हात पाहून राहिलो."

मी हुशारी दाखवायला विचारलं, साखर आहे तर बुळबुळ गोड का लागत नाही?

"साखर म्हणजे गोडच असते, असं कोणी सांगितलं तुले? हे टेबल आहे ना, हे लाकूड, हेही साखरेचंच बांधलेलं आहे. चाटून पाह्यतं काय?"

चाटून पाहिलं नाही. पण पुढे दोन वर्षं त्या टेबलाशी बसले, तेव्हा दर वेळी मनात आलं.

अळीव आणायला मॅडम स्वतः कळमन्याला जायच्या. घाऊक बाजार तो. तिथं पोत्यानं बोलायचं, किलोभर माल कोणी देत नाही. मॅडमना मिळायचा. एक चिमूट अळीव तळहातावर घ्यायचं, बाटलीतलं पाणी टाकायचं, आणि ते फुगेपर्यंत दुकानाच्या ऐन दारात हात पुढे करून उभं राहायचं, ही त्यांची पारखण्याची रीत. गिऱ्हाइकांना वाट राहायची नाही. म्हणून दुकानदार आधी यांनाच माल देऊन मोकळा व्हायचा. तिथला म्हातारा मुनीम दर महिन्याला तोच प्रश्न विचारायचा.

"कोण बाळंत झालं जी बाई?"

अळीव न्यायला आलेल्या बाईला दुसरं काय विचारणार? मॅडमनं लग्न केलं नव्हतं, घरी कोणी लेकी-सुना नव्हत्या. पण त्या प्रामाणिक.

"सहाशे आहेत," त्या म्हणायच्या.

"बापा! तब्येत बरी आहे ना समद्यांची?"

"अजून कोंब निघाले नाही. परवा सांगतो."

मुनिमाला वाटायचं बाई एखादा मोठा दवाखाना चालवते. तो मूठभर जास्त टाकायचा. मॅडम ती जास्तीची मूठ परत पोत्यात टाकायच्या, कारण किलो म्हणजे किलो.

हे मोजण्याचं खूळ त्यांच्या बाबांकडून आलं होतं. बाबा कापडगिरणीत कापड मोजायचे, आयुष्यभर तेच काम. मॅडम एकदा डबा खाताना सांगत होत्या, "छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली ना, त्या दिवशी बाबानं दोन गोष्टी सोडल्या. एक देव, अन् दुसरा अंदाज." गिरणीत ताग्याचं माप कमी भरलं तर 'साधारण' लिहून पुढे ढकलायची पद्धत होती. बाबा जितकं भरलं तितकंच लिहायचे. त्यापायी त्यांची बढती दोनदा गेली, असं मॅडमनं अगदी कौतुकानं सांगितलं. मला त्यात कौतुकासारखं काही दिसलं नव्हतं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, बढती सोडा, मला साधी नोकरी नव्हती.

आता माझी चूक सांगते. ती अशी आहे की आमच्याकडच्या मुलींनीच करावी.

पहिला प्रयोग राजगिऱ्यावर केला. अर्ध्या ट्रेंना साधं पाणी, अर्ध्यांना अळिवाचं. आठ-दहा दिवसांत फरक डोळ्यांना दिसायला लागला. अळिवाच्या पाण्यावरची रोपं अशी उंच, की येणारा-जाणारा थांबून बघायचा. मॅडम विद्यापीठात मीटिंगला गेल्या होत्या. जाताना सांगून गेल्या, "काढून ठेवा, आल्यावर मोजू." मी आणि माझ्यासोबतची एक मुलगी, आम्ही दोघी व्हरांड्यात जुना पेपर अंथरून बसलो. गप्पा रंगल्या. हात आपले चालू होते. दोन तासांत सहाशे रोपं काढून, पुसून, ट्रेच्या नंबराप्रमाणे जुड्या बांधून, ओल्या फडक्यात ठेवून दिल्या. इतक्या सुंदर जुड्या, की बाजारात बसलो असतो तर हातोहात गेल्या असत्या.

मॅडम आल्या. फडकं उघडलं. एक जुडी उचलली, उलटी केली, खालून बघितली. दुसरी उचलली.

"मूळ कुठं आहे?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मुळं कचऱ्याच्या डब्यात होती. लहानपणापासून आईसोबत मेथी, चवळाई निवडत आलो. भाजी हातात आली की बोट आपोआप बुडाशी जातं आणि मूळ खुडून टाकतं. गप्पांच्या नादात आम्ही सहाशेच्या सहाशे रोपं निवडून ठेवली होती. भाजीसारखी.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डबा उचलला, पेपरवर रिकामा केला, आणि मांडी घालून खाली बसल्या. एकेक मूळ चिमटीत धरून पाण्यात धुतलं. केसासारखी मुळं ती. तासभर त्यांनी ती पेपरवर मांडली, लांब, आखूड, तुटकी. मग स्केल खाली ठेवली.

"हे मूळ कोणाचं आहे, सांगता येते काय तुमाले?"

येणार कसं? साध्या पाण्याचं कोणतं, अळिवाच्या पाण्याचं कोणतं, सगळं एकात एक झालं होतं. माझी मैत्रीण रडायला लागली. मी म्हटलं, "मॅडम, उंची तर आहे ना. उंचीचा फरक तर दिसतोच आहे."

"दिसते ते तर वॉचमनलेही दिसते," मॅडम उठत म्हणाल्या. "उद्या साडेसातले या. परत लावू."

'परत लावू' हे त्यांचं पालुपद. ट्रेमध्ये उंदीर शिरला, परत लावू. लाइट गेली, कूलर बंद पडून अर्धी रोपं करपली, परत लावू. त्यात चिडणं नसायचं, उसासा नसायचा. दळण संपलं की दुसरं दळण ठेवतात तसं त्या म्हणायच्या.

परत लावलं. या वेळी एकेक रोप मॅडमच्या काट्यानंच काढलं, मुळासकट. मोजायला बसलो. अळिवाच्या पाण्यावरची रोपं उंच होती खरी, पण त्यांची मुळं साध्या पाण्यावरच्यांपेक्षा जवळपास निम्मी होती. ती साखर शेंडा ओढून वर काढत होती आणि मूळ तिथंच थांबवत होती. उरलेले दोन ट्रे मॅडमनं लॅबबाहेरच्या कट्ट्यावर, उन्हात नेऊन ठेवले. एक दिवस पाणी द्यायचं नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता उंच रोपं सगळी आडवी. बुटकी रोपं उन्हात डोळे बारीक करून उभी होती.

"पाह्य," मॅडम म्हणाल्या. त्यांना अतोनात आनंद झाला होता. मला मुळीच झाला नव्हता.

कारण पहिली रोपं काढायच्या आधीच बुटीबोरीहून एक साहेब येऊन गेले होते. तिथल्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे. नर्सरीवाल्यांसाठी रोपवाढीचं टॉनिक बाजारात आणायचं त्यांच्या मनात होतं. आमच्या पहिल्या प्रयोगाची उंच उंच रोपं त्यांनी बघितली होती, मोबाइलवर फोटो काढले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम बुजुर्ग आहेत, आपण त्यांना नाही त्रास द्यायचा. तुम्ही पंधरा दिवसांत रिपोर्ट द्या. हाइटचा डेटा पाहिजे, बस. आमच्या लॅबमध्ये तुमची जागा पक्की समजा."

पक्की! मी घरी जाऊन सांगितलं तर आईनं शेजारी पेढे वाटले. बाबा त्या वर्षी रिटायर होणार होते, धाकटा भाऊ बारावीत. बुटीबोरीची नोकरी म्हणजे काय, हे आमच्या घराला विचारा. त्या पेढ्यांनंतर मागे वळायची सोय राहिली नव्हती.

मी रिपोर्ट लिहिला. सहा पानांचा. उंचीचे आकडे खरे, एकही खोटा नाही. मुळांचा रकाना मात्र ठेवलाच नाही. त्यांनी मागितलाच नव्हता, हे मी स्वतःला सतरा वेळा समजावलं. सही मॅडमची लागणार होती.

मॅडमनं सगळा वाचला. पान चारवर थांबल्या. उंचीचा तक्ता तिथं होता.

"मूळ कुठं गेलं?"

"त्यांनी उंचीच मागितली, मॅडम."

"मापलं तर आहे ना आपण?"

"मापलं आहे. पण त्यांना नको आहे."

त्यांनी पेन काढलं. तक्त्याखाली थोडी जागा होती, तिथं आपल्या बारीक, उभ्या अक्षरात लिहिलं: 'मुळेही मोजली आहेत. ती निम्मी भरली. कृपया विचारावे.' मग शेवटच्या पानावर गेल्या आणि सही केली. कागद सारखे केले, क्लिप लावली, माझ्यासमोर ठेवले.

"जा. देऊन ये."

माझं डोकं फिरलं. "मॅडम, हे वाचून कोण नोकरी देणार मला? तुम्हाला समजतं का? तुमचं ठीक आहे, तुम्हाला कोणाचं करायचं नाही. माझ्या घरी पेढे वाटून झाले! तुम्ही वेड्या आहात. लोक म्हणतात ते खरं आहे. तुम्ही ठार वेड्या आहात."

लॅबच्या दारात दोन-तीन जण जमले. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बस सव्वाअकराची आहे. उशीर नको करू." आणि कूलरमध्ये पाणी टाकायला गेल्या.

मी रिपोर्ट घेऊन निघाले ती आधी टायपिंगवाल्याकडे गेले. पान चार नव्यानं काढून घेतलं. तोच तक्ता, तेच आकडे, खाली स्वच्छ कोरी जागा. ते घडी न घालता पिशवीत ठेवलं आणि बसमध्ये बसले. बसमध्ये रिपोर्ट काढून बघितला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मॅडमना कागद स्टेपल करण्याचं वेड होतं. दोन कागद असले तरी तीन ठिकाणी स्टेपल मारायच्या, त्यांचं काहीही उघडायचं म्हणजे नखं मोडायची. आणि या रिपोर्टला नुसती लाल प्लास्टिकची क्लिप. पान चार ओढलं की बाहेर, दुसरं सरकवलं की आत. सही शेवटच्या पानावर सुरक्षित. घाईत विसरल्या असतील, मी म्हटलं. देवच पावला, असंही म्हटलं. बुटीबोरी येईपर्यंत दोन्ही पानं माझ्या मांडीवर होती.

बदलायचंच असं ठरवून मी उतरले. हे स्पष्ट सांगते, नंतर मोठेपणा घ्यायला नको.

कारखान्याच्या गेटसमोर नवीन रोपं लावली होती, रांगेनं, शोभेची. वॉचमन आत फोन लावत होता. म्हणाला, थांबा. मी थांबले. आणि एकदम मागून त्याचा आवाज आला, "ओ मॅडम! क्या कर रहे आप?"

मी खाली बसलेली होते. माझ्या हातात एक रोप होतं, त्याची माती मी बोटांनी झटकली होती, आणि ते उजेडाकडे धरून मी मूळ बघत होते. केव्हा बसले, केव्हा उपटलं, मला काही कळलं नाही. काटा नव्हता म्हणून बोटांनीच. नखांत माती गेली होती.

मला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग आला. त्या बाईनं मला खराब करून ठेवलं होतं. वर्षभरात माझे हातच बदलून टाकले होते. रोप परत लावलं, माती दाबली, बाटलीतलं प्यायचं पाणी वर ओतलं. पान चार बदललं नाही. बदलूच शकले नाही.

साहेबांनी वाचलं. ती ओळ दोनदा वाचली. "ये लाइन कशाला टाकली मॅडमनी? अहो, एका पानाचा तर सवाल आहे, पान बदलून आणा ना."

ते पान माझ्या पिशवीत होतं. हात घातला असता तर निघालं असतं.

"मुळं मोजली आहेत, सर," मी म्हटलं. "ती निम्मीच भरली."

"ठीक आहे. आम्ही फोन करतो," साहेब म्हणाले. आजपर्यंत आला नाही.

मी परस्पर घरी गेले. त्या दिवशी लॅबला गेले नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मॅडमचा फोन आला नाही, मी केला नाही. घरी मात्र मी कोणाला सोडलं नाही; आईशी भांडले, भावाशी भांडले, दूधवाल्याशी भांडले. महिना झाल्यावर आईच हात जोडून म्हणाली, "तू जा वं बाई तुझ्या त्या वेड्या मॅडमकडं. नाही तं आमी सारे वेडे होतो आता."

गेले. सकाळी साडेसात. मॅडम ट्रेपुढे बसल्या होत्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. रिपोर्टचं काय झालं, नाही विचारलं. नोकरीचं नाही. इतके दिवस कुठं होतीस, तेही नाही. हातातली स्केल पुढे केली.

"बस. चार नंबरच्या ट्रेपासून."

मी बसले. पुढचे सहा महिने आम्ही एकच काम केलं. अळिवाचं पाणी पातळ करायचं, लावायचं, मुळासकट काढायचं, मोजायचं. 'अजून पातळ कर.' 'तास कमी कर.' 'परत लावू.' शेवटी इतकं पातळ केलं की त्यात अळीव आहे हे अळिवालाही कळलं नसतं. तेव्हा कुठं मूळ पुरतं भरलं, आणि शेंडा साध्यापेक्षा स्केलच्या चार रेघा वर. फक्त चार रेघा! कोणत्याही साहेबानं फोटो काढला नसता. मॅडमनं त्या चार रेघा तीनदा मोजल्या आणि त्या दिवशी सगळ्या विभागाला समोसे सांगितले. दोन पानांचा लेख छापून आला. तक्त्यात मुळांचा रकाना पहिला होता.

पुढे मी ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले. मॅडम रिटायर झाल्या, नंदनवन भागातल्या घरी गच्चीवर ट्रे मांडून बसल्या. मोतीबिंदूनं दिसेनासं झालं तेव्हा मी रविवारी जाऊन त्यांच्या रजिस्टरमधली जुनी नोंद वाचून दाखवायची. अशीच एका रविवारी त्या चहा करत होत्या आणि मी रजिस्टर चाळत होते. तारीख, लॅबचं तापमान, ट्रे किती, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. एका पानावर माझे डोळे थांबले. बुटीबोरीला गेले होते ती तारीख. शेरा: 'सहापर्यंत थांबले. ती आली नाही.'

दुसऱ्या दिवशी: 'आली नाही.' तिसऱ्या दिवशी: 'आली नाही.' 'रविवार. तरी जाऊन बसले. आली नाही.' पान उलटलं, तेच. तीस-एकतीस ओळी एकाखाली एक, त्याच बारीक, उभ्या अक्षरात. शेवटची ओळ: 'आली. ट्रे ४ पासून.'

मला पुढचं दिसेना. मॅडम चहा घेऊन आल्या, चाचपडत कप ठेवला.

"काहून थांबली? वाच ना."

"मॅडम, त्या रिपोर्टला तुम्ही स्टेपल काहून नव्हती मारली?"

त्या समोर बसल्या. मग म्हणाल्या, "तुले पान काढाले सोपं जावं म्हणून. घरची गरज होती तुह्या. मले मूळ लिहिणं भाग होतं, ते मी लिहिलं. पुढचं तुह्या हातात होतं. मी काय बसमध्ये येऊन बसणार होती?"

"आणि काढलं असतं तर?"

"तर नोकरी लागली असती. पण मग तू इकडं परत आली नसती. महिनाभर मले वाटलं, काढलं हिनं पान." त्यांनी कप उचलला, परत ठेवला. "जेवण नव्हतं जात वं मले."

"अहो, मग एक फोन करून विचारायचं ना मॅडम!"

"फोनवर मूळ दिसते काय?" मॅडम म्हणाल्या.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. लहान पोरीसारखी रडले. वेडी म्हटल्याबद्दल माफी मागायची होती, ती राहूनच गेली. मॅडमनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि थोड्या वेळानं म्हणाल्या की चहा थंड होऊन राहिला.

मागच्या पावसाळ्यानंतर मॅडम गेल्या. रजिस्टर, काटा आणि ट्रे माझ्याकडे आले. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी गॅलरीत ट्रे मांडले, रजिस्टर उघडलं, तारीख टाकली, तापमान लिहिलं. शेऱ्याच्या रकान्याशी हात थबकला. अंदाज लिहायचा नाही, भरलं तितकंच लिहायचं. मी लिहिलं: 'मॅडम आल्या नाहीत. ट्रे ४ पासून.'